पाटी उतरव आधी

नरसोबाच्या वाडीत, पेढ्यांच्या दुकानांच्या रांगेत, ऐन दत्ताच्या देवळाच्या वाटेवर 'बालमानसतज्ज्ञ' म्हणून पाटी? मान वर करून बोल. बी.ए.ला मीच शिकवलंय तुला. तुला किती येतं ते मला दुसऱ्याला विचारावं लागत नाही. त्यावर मोबाइलवरचा तीन महिन्यांचा कोर्स, आणि तेवढ्यावर लोकांची पोरं तपासायला बसलास?

तपासलंस तरी काय? चार वर्षांचं पोर बोलत नाही, तर म्हणे मोबाइल बंद करा. त्याला ऐकू येतं का, हे बघितलंस? ऑटिझमची शंका तरी आली? पादुकांपुढं डोकं टेकून ती आई थेट तुझ्याकडं आली. तिचा अख्खा उन्हाळा तू वाया घालवलास.

बालमानसतज्ज्ञाचा वेगळा परवानाच देशात नाही, हे तेवढं शोधून काढलंस. कौतुक आहे! पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी लागते. भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा वाच. आधी मानसशास्त्रात एम.ए.; ते शिवाजी विद्यापीठातून करता येतं. मग परिषदेनं मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षं पूर्णवेळ, जाणत्यांच्या नजरेखाली, खऱ्या रुग्णांसोबत. त्यानंतर परिषदेच्या नोंदवहीत नाव. एम.फिल. बंद होतंय म्हणून पळवाट काढू नकोस, त्याच्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमालाही परिषदेची मान्यता लागतेच. नोंदणीशिवाय दिव्यांगांसाठी हे काम केलंस तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हसतोस काय? हजार तू दोन बैठकांत कमावतोस, ठाऊक आहे मला. मी कैदेचं बोलतोय.

म्हणे पोरांसाठी तळमळ आहे! २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत वाडीत घराघरांत पुराचं पाणी शिरलं. आभाळ दाटून आलं की अजून दप्तर छातीशी धरणारी पोरं असतात. त्यांना कधी बोलतं करायचं, कधी नुसतं खेळू द्यायचं, कुणाला तातडीनं मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवायचं, हे मोबाइलवर कळतं होय? 'सगळं आठवून सांग' म्हणत पोराला रडवायचं, ह्याला उपचार म्हणत नाहीत रे लेका.

एम.ए.चा अर्ज भर. नोंदवहीत नाव येईतोवर कुणाच्या पोराला हात लावायचा नाही.

आणि त्या आईचे पैसे आज परत कर. उद्या पहिल्या एस.टी.नं तिला नि पोराला कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात ने, आधी कान तपासून घे. केसपेपरच्या रांगेत तिनं नाही, तू उभं राहायचंस.