डोळ्यांची साक्ष

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ-खानदेशापासून मध्य प्रदेश आणि गुजरातपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिपक्यांची रांग पाहिली. बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द आला : उल्का. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं, पुढे आसपासच्या भागात पोकळ गोळेही मिळाले. चिनी रॉकेटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

अशा वेळी ‘लोकांना काय कळतंय’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. नाव चुकलं असेल, पण पाहण्यात खोट नव्हती. सावकाश, जवळपास आडवं, एकामागून एक तुकडे असं जे दिसलं, त्यातच उत्तर होतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. शुक्राहून तेजस्वी अशा उल्केला अग्निगोल म्हणतात. तोही बहुधा काही सेकंदांतच विझतो. कक्षेतून उतरणारं रॉकेट मात्र आठेक किलोमीटर वेगाने तिरकं येतं आणि मिनिटभरही दिसत राहतं.

आकाशातून दगड पडतात हे विज्ञानाने मान्य केलं, तेही अशाच साक्षींच्या बळावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले बरेच विद्वान ही खेडुतांची भाकडकथा मानत. १७९४ मध्ये एर्न्स्ट क्लाड्नीने जुन्या नोंदी एकत्र केल्या. त्याचं शिक्षण कायद्याचं, त्यामुळे साक्षी पारखायची नजर त्याच्याकडे होती. एकमेकांना न भेटलेली माणसं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांत तेच सांगत असतील तर ते नाकारायचं कशाच्या आधारावर, हा त्याच्या मांडणीचा कणा. चारच वर्षांनी, १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास बनारसच्या परिसरात मोठा अग्निगोल दिसला आणि दगड पडले. त्यातला एक रखवालदाराच्या झोपडीचं छप्पर फोडून जमिनीत रुतला. तिथले नमुने लंडनला पोचले. एडवर्ड हॉवर्डने ते इतर ठिकाणच्या अशा दगडांशी ताडून पाहिले, तेव्हा साऱ्यांच्या घडणीत साम्य निघालं आणि त्यांच्या लोहात निकेल सापडलं. हॉवर्डचा निबंध १८०२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रखवालदाराचं नाव किती जणांना ठाऊक असेल?

पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्लजवळ दगडांचा वर्षाव झाला. तपासाला गेलेला तरुण शास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त बियो गावोगाव हिंडला, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारत राहिला आणि दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा त्याने तयार केला. त्याच्या अहवालानंतर शंकेला फारशी जागा उरली नाही. या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याचं हे विचारत हिंडणं.

डोळे फसतात, हेही खरं. विशेषतः अंतराच्या बाबतीत. ‘पलीकडच्या शिवारात पडली’ असं शपथेवर सांगणाऱ्याने पाहिलेला अग्निगोल शंभर-दोनशे किलोमीटर दूरही असू शकतो. अंधाऱ्या आकाशात अंतर जोखायला काही खूणच नसते. पण दिशा बहुधा बरी सांगता येते आणि दोन गावांतून दिशा कळल्या की मार्ग बांधता येतो. म्हणून कुणी ‘पाहिलं’ म्हणालं की हसू नये, विचारावं : कुठे उभे होतात? कोणत्या झाडामागे, कोणत्या छपरावरून गेली? वाटेत फुटली का? आवाज आला का, आणि किती वेळाने? तीस किलोमीटर उंचीवरच्या स्फोटाचा आवाज खाली यायला दीड मिनिट तरी लागतं. तोवर पाहणारा घरात गेलेला असतो. तेव्हा उजेड विझला तरी अंगणातून हलू नये, कान देऊन आकडे मोजत राहावं.