मांडीवरचं सिलिंडर

सकाळी लवकर बसा, ऊन चढायच्या आत, आणि डोळे मिटा. बारी गावाशी, कळसूबाईच्या पायथ्याला बसलो आहोत असं मनात आणा. मांडीवर पेंटबॉलच्या मार्करला, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुकीला, लावायचं हवेचं सिलिंडर आहे, रिकामं. घेऊ की नको, हे घेऊ की ते घेऊ, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला राहू द्या.

एक श्वास पूर्ण आत घ्या. थांबा. छाती ताणली जाते आणि आतलं काहीतरी बाहेर पडायला वाट मागतं, ते जाणवू द्या. आता सावकाश सोडा.

मोठ्या माणसाच्या छातीत भरून घेतली तरी पाच-सहा लिटर हवा मावते. मांडीवरचं सिलिंडर ६८ घन इंचांचं आहे, म्हणजे सव्वा लिटरही नाही. ते ४५०० पीएसआय दाबापर्यंत भरलं की त्यात सुमारे तीनशे लिटर हवा बसते. पन्नास माणसांनी छाती भरून घेतलेला श्वास तेवढ्याशा बाटलीत. या आकड्यापाशी जरा थांबा. मोटारीच्या चाकात आपण तीस-तेहतीस पीएसआय हवा भरतो. ४५०० पीएसआय म्हणजे आतल्या प्रत्येक चौरस इंचावर, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या जागेवर, दोन टनांचा भार. नेप्तीच्या कांदा बाजारात थप्पी पाहिली असेल. पन्नास किलोच्या चाळीस गोण्या एका तिकिटावर उभ्या आहेत असं डोळ्यांपुढे आणा. आता सिलिंडरला पुन्हा हात लावा. हात आपोआप जपून लागेल.

हे सगळं बळ रंगाची एक गोळी फेकायला. मार्कर मुळात माणसांवर रोखण्यासाठी झालाच नव्हता. झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करायला तो निघाला, म्हणून त्याचं नाव मार्कर. १९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या जंगलात काही मित्र त्याच हत्यारांनी खेळले आणि खेळ जन्मला. तेव्हा हवा नव्हती, कार्बन डायऑक्साइडच्या लहान कुप्या होत्या.

आता पहिली निवड मनात घोळवा: कार्बन डायऑक्साइड की हवा?

लहानपणी प्यायलेला गोटी सोडा आठवा. आतला वायूच गोटीला वर रेटून रबराच्या कड्यावर बसवतो, झाकण वेगळं लागत नाही. अंगठ्यानं गोटी दाबली की फस्स होतं, तो हाच वायू. सिलिंडरमध्ये तो द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब हवामान ठरवतं. वीस अंशांना सुमारे ५७ बार, शून्याला ३५ च्या आसपास (बार हे दाबाचं दुसरं माप, ३०० बार म्हणजे साधारण ते आधीचे ४५०० पीएसआय). एकतीस अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही. चैत्र-वैशाखात नगरचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत भरलेली बाटली ठेवली तर दाब चढतच जातो आणि शेवटी बचावाची चकती फुटून वायू सुटतो. उलट भराभर गोळ्या सोडल्या की बाटली गारठते, दाब पडतो आणि गोळी मध्येच टाकल्यासारखी जाते. हवेचा दाबही ऊन-थंडीनं कमीजास्त होतो, पण थोडा. शिवाय तोंडाशी बसवलेला रेग्युलेटर आतला दाब कितीही जास्त असला तरी बाहेर साधारण ८०० पीएसआयच देतो. मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात. तो रोज तसाच राहावा असं वाटत असेल तर आपल्या हवामानात हवाच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला जास्त वेळ द्या. ही हवा भरणार कुठे?

नगर-मनमाड रस्त्यावरून मनानं जा. दर दोन-चार किलोमीटरला पंक्चरचं दुकान, टांगलेली ट्यूब, धडधडणारा कॉम्प्रेसर. तो शे-दीडशे पीएसआयपाशी थांबतो. त्याच्यानं हे सिलिंडर जागं होणार नाही. मोटारीच्या सीएनजी टाकीत २०० बार दाब असतो, पण तो इंधनाचा वायू, आपल्या कामाचा नाही. एमआयडीसीत ऑक्सिजनचं सिलिंडर सहज मिळतं. तो मोह मनातून पार काढून टाका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की आग लागते. मार्करसाठी ऑक्सिजन कधीही नाही. तारकर्ली-मालवणला पाणबुड्यांच्या टाक्या भरतात, साधारण २०० बारला. हातपंपानं ३०० बार गाठता येतो, नेमबाज आपल्या एअर रायफलचं लहान सिलिंडर तसं भरतात. पण ६८ घन इंच भरायचं तर शेकडो हात मारावे लागतात.

इथे हिवरे बाजार हे गाव आठवतं. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. ऊस आधी लावून पाणी नंतर शोधत नाहीत. तुमच्या आवाक्यात २०० बारचीच सोय असेल तर ३०० बारचं महागडं कार्बन फायबरचं सिलिंडर कायम अर्धपोटी राहील. ४८ घन इंचांचं, ३००० पीएसआयचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर स्वस्त पडतं आणि साधारण चार-पाचशे गोळ्या देतं. एका सकाळच्या खेळाला ते पुरतं. मोठं भरायची खरी सोय असेल, खेळ दिवसभराचा असेल, तरच कार्बन फायबरचं. ते हलकंही असतं आणि दुपारी खांद्याला ते कळतं.

आता श्वास पुन्हा संथ होऊ द्या आणि भरण्याची कृती मनात एकदा करून पाहा. सिलिंडरचं तोंड कोरडं, स्वच्छ, तेलाचा हात न लागलेलं. झडप हळू उघडा. घाईनं भरलं की सिलिंडर तापतं, काटा वर दिसतो आणि निवल्यावर खाली येतो. कार्बन फायबरवर ओरखडा किती खोल आहे ते नखानं चाचपा. धागे दिसत असतील तर ते भरू नका.

सिलिंडरची चाचणी पाण्यानं करतात. आत पाणी भरून नेहमीपेक्षा दीडपट किंवा जास्त दाब देतात. पाणी हवेसारखं दबत नाही, त्यामुळे भिंत फाटली तरी स्फोट होत नाही, नुसतं पाणी सुटतं. माणसानं योजलेल्या सुंदर युक्त्यांपैकी ही एक. पेंटबॉलच्या बहुतेक सिलिंडरांना ही चाचणी दर पाच वर्षांनी लागते आणि कार्बन फायबरचं आयुष्य बहुधा पंधरा वर्षांचं धरतात. आपल्या देशात दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे आणि २०१६ चे गॅस सिलिंडर नियम तीच राबवते. परदेशातून मागवण्याआधी ते नियम पाहून घ्या.

डोळे उघडा. जुनं सिलिंडर कुणी स्वस्तात देऊ केलं असेल तर पैसे देण्याआधी ते उजेडात फिरवा आणि त्याच्यावरची चाचणीची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल तर चाचणी होईपर्यंत त्यात हवा भरू नका.