दाराबाहेरचे माप

मननासाठी : १ शमुवेल १६ : १-१३



शमुवेल संदेष्टा तेलाचे शिंग घेऊन बेथलेहेमास इशायाच्या घरी गेला, आणि थोरल्या अलियाबाचे रूप व उंची पाहताच हाच तो, असे त्याच्या मनाने घेतले. ही कथा आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो. चुकणारा मनुष्य कोणी अविचारी तरुण नव्हता. बालपणापासून देवाची वाणी ऐकलेला वृद्ध सेवक होता. त्याच्याजवळ माप होते, परंतु ते त्याने भलत्या ठिकाणी लावले. याचा अर्थ मला उमगला तो चेन्नईत, ऐन मे महिन्यात, घरच्या जुन्या फ्रीजपुढे.

माझ्या आईला मधुमेह आहे. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. नगरकडे असताना तिची वापरातली बाटली डब्यात घालून ओल्या वाळूतल्या माठाशेजारी ठेवीत असू. कोरड्या हवेत माठ पाझरतो, पाणी उडून जाते आणि गारवा येतो. येथली समुद्राकाठची हवा आधीच दमट, तिच्यापुढे माठ हात टेकतो. (याच शहरात १८४२ साली अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी मरीना किनाऱ्यावर बर्फघर बांधले गेले. विवेकानंदर इल्लम या नावाने ती वास्तू आजही उभी आहे. उष्म्यापायी माणसाने केवढा खटाटोप केला!)

फ्रीजचा मूळचा नियंत्रक निकामी झाल्याने तो थांबेचना. म्हणून मी एक डिजिटल तापमान नियंत्रक आणला. तो भिंतीच्या सॉकेटमध्ये बसवायचा, फ्रीजचा प्लग त्यात लावायचा आणि बारीक तारेच्या टोकाचा सेन्सर फ्रीजच्या आत ठेवायचा. ५ अंश नेमून २ अंशांचा फरक ठेवला, की आत ७ झाल्यावर वीज सुरू आणि ५ झाल्यावर बंद. ऐकण्यास किती सोपे! पण बटणे इवलीशी आणि माहितीपत्रकाची अक्षरे मुंगीएवढी. पहिल्या दिवशी मी तो गार करण्याऐवजी तापवण्याच्या पद्धतीवर लावला. मग फरक इतका कमी ठेवला, की रात्रभर टकटक चालली. वीज जाऊन आली की कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी तो काही मिनिटे थांबे; मी मात्र बिघडला असे समजून बटणे दाबीत बसे आणि नेमलेले आकडेच बदलून टाकी. विश्वासणाऱ्याच्या मुखी न शोभणारे शब्द त्या दिवसांत माझ्या मुखी आले, हे कबूल केले पाहिजे.

एके सायंकाळी पाहतो तो चारही बाटल्यांत बर्फ! गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरता येत नाही. आईच्या सुईची वेळ जवळ आलेली. सेन्सर फ्रीजच्या मागे, बाहेर लोंबत होता. घरकामास येणाऱ्या बाईंना आम्ही अक्का म्हणतो; थोरल्या बहिणीसाठी तमिळ घरात आणि मराठी घरातही हाच शब्द. पुसताना त्यांनीच तार ओढली, असे म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो आणि औषधाच्या दुकानाकडे धावलो. त्यांनी फडके पिळून वाळत घातले आणि त्या निघून गेल्या.

सुई टोचून झाल्यावर आई हळूच म्हणाली, "अरे, काल बर्फ साफ करताना ती तार तूच काढून ठेवली होतीस."

प्रियांनो, त्या यंत्राने रतीभरही चूक केली नव्हती. दाराबाहेरची ३६ अंशांची हवा मोजून ते फ्रीजला प्रामाणिकपणे वीज देत राहिले, आणि आत औषध गोठत गेले. माझेही तसेच झाले होते. तापलो होतो मी, आणि तो ताप मी अक्कांच्या खाती लिहिला. आपल्या घरात सुनेचे मौन, वृद्ध पित्याची कुरकुर, उशिरा परतणारा मुलगा, यांची पारख आपण कोठे उभे राहून करतो? दार उघडून आत पाहतो का? की बाहेरचा आकडा वाचून आणखी गार, आणखी गार करीत जातो? इशायाच्या अंगणात सात पुत्र पुढून गेले, आणि ज्याला बोलवावे असे कोणाच्या मनातही आले नाही तो रानात मेंढरे राखीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. रात्रभर जुळवलेले माझे तमिळ ऐनवेळी विसरले. "तप्पु एन्नोडदु," चूक माझी, एवढेच कसेबसे म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, अम्मांना रात्रीची सुई वेळेवर मिळाली का?

मिळाली, म्हणून मी सांगितले. मग त्या भांडी घासावयास बसल्या.