डावं चाक

खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या पोरांनी रोबोट गाडी जोडली. खाली पाटी, दोन बाजूंना पिवळ्या बीओ मोटरी, त्यांना चाकं आणि पुढे कुठेही वळणारं छोटं चाक. बटण दाबलं तर गाडी जागच्या जागी गरगर फिरली. बाई म्हणाल्या, "मोटरी एकमेकींकडे पाठ करून बसल्यात. एकीचं पुढे ते दुसरीचं मागे." एकीच्या तारा उलट जोडल्या. गाडी निघाली, पण नाकासमोर जाईना. उजवीकडे ओढ घ्यायची आणि भिंतीवर आपटायची.

"बाई, उजवी मोटर मरतुकडी आहे, बदला," प्रोग्राम लिहिणारा हुशार पोरगा म्हणाला.

मोटरी एकाच पुडक्यातल्या. तरी चुंबक, ब्रश, आतली दातेरी चाकं यांत थोडाफार फरक राहतोच. बदलून दिली असती तर शिकणं तिथेच संपलं असतं. बाईंनी चाकांवर पांढरी टेप चिकटवली, गाडी उचलून धरली आणि गटातल्या अबोल पोरीला फेऱ्या मोजायला बसवलं. अर्ध्या मिनिटात डावं चाक ८४, उजवं ७६.

"मग उजवीचा वेग वाढवतो." पण प्रोग्राममध्ये उजवीच्या वेगाचा आकडा आधीच २५५ होता, त्यापुढे जागाच नाही.

"डावीचा कमी केला तर?" पोरीने हळूच विचारलं.

"छे! गाडी हळू होईल."

बाई त्याला म्हणाल्या, "तुझे बाबा कर्जतला बँकर इंजिनावर आहेत ना? त्यांना विचारून ये."

१८६३ साली रेल्वे बोरघाट चढली. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. म्हणून आजही कर्जतला गाड्यांना मागून रेटणारी ही बँकर इंजिनं जोडतात. पोरगा दुसऱ्या दिवशी सांगू लागला, "मागच्याने अंगात जोर आहे म्हणून वाटेल तसं रेटलं, तर मधले डबे दाबले जातात, रुळावरून उतरूही शकतात. बाबा पुढच्या ड्रायव्हरशी वॉकीटॉकीवर बोलूनच जोर लावतात."

मग त्यानेच डाव्या मोटरीचा आकडा उतरवायला घेतला. २४५. २४०. पोरगी फरशीच्या रेघेवर डोळा ठेवून "अजून" म्हणत होती. २३० वर गाडी रेघ न सोडता थेट दारापर्यंत गेली.

पोरं ओरडली. पोरगी मात्र गाडी उचलून म्हणाली, "सेल उतरल्यावर हाच आकडा चालेल?"

पोराने वही उघडली. "तू मोज. मी लिहितो."