लॉगबुकातली जनावरं

मोबाईल खिशात घाला आणि इकडे लक्ष द्या. तुमची अंतर्वासितेची लॉगबुकं काल रात्री वाचून काढली. काय कामं केलीत हो तुम्ही! गर्भतपासण्या, कृत्रिम रेतनं, अडलेल्या गाई सोडवणं, सगळं रकान्यात ठाकठीक. फक्त चौघांच्या वहीत एकच अक्षर आणि एकाच गाईचा बिल्ला क्रमांक. नक्कल करायलाही थोडी अक्कल लागते.

सकाळी दवाखान्यात आलो तर खोड्यात म्हैस उभी, मालक ताटकळलेला आणि आमचे भावी डॉक्टर वाचनालयात, एमपीएससीचे प्रश्नसंच सोडवत! पशुधन विकास अधिकारी व्हायचंय ना? जरूर व्हा. गट-अ ची नोकरी आहे, घरचे पेढे वाटतील, लग्नाच्या बाजारात भाव वधारेल. पण तो अधिकारी बसतो कुठे, हे पाहिलंय का कधी? तालुक्यातल्या एखाद्या श्रेणी-1 दवाखान्यात. हाताशी परिचर मिळाला तर नशीब. तिथे रात्री फोन येतो, ‘डॉक्टर, गाय अडलीय, एकच पाय बाहेर आलाय.’ पुढचा पाय की मागचा, डोकं वळलंय की काय, हे हात घालूनच कळतं. चार पर्याय समोर ठेवायला तिथे आयोग नसतो.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, ज्याची त्याला कळेल. परवाच व्यालेली संकरित गाय गोठ्यात बसून होती. मान मुरडून कुशीला लावलेली, कान थंडगार, नाकपुडी कोरडी. दुधाचा ताप! नाव ‘ताप’, पण अंग गार पडतं, हे तुम्ही परीक्षेत सुंदर लिहिता. आपल्या पठ्ठ्यानं कॅल्शियमची बाटली शिरेला लावली आणि धार मोकळी सोडून फोनवर बोलत उभा राहिला. अरे, कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय बंद पडतं! बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करायची, थेंबाथेंबानं सोडायची, दुसऱ्या हातात स्टेथोस्कोप, कान ठोक्यावर. ठोका चुकला की धार थांबवायची. मी पोचलो म्हणून निभावलं. थोड्या वेळानं गाय थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं आणि उठली. तोवर तिची मालकीण, ती माउली, गाईच्या तोंडाशी बसून रडत होती. त्या गाईच्या दुधावर तिच्या घरचा किराणा येतो. गाय गेली असती तर तिला काय तोंड दाखवणार होतास?

आणि त्या दुसऱ्या बहाद्दराचं काय बोलू? वार अडकली म्हणून गेला आणि उघड्या हातानं ओढत बसला. का, तर व्हिडिओत हातमोजा चांगला दिसत नाही. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, हे दुसऱ्या कुणी सांगायचं? पुढे सांधे धरून बसलास आणि संध्याकाळी ताप चढू लागला म्हणजे ते लाइक्स औषधाला येणार नाहीत.

काहींना गोठ्याचा वासच सहन होत नाही. त्यांना पुण्या-मुंबईत कुत्र्यामांजरांचा दवाखाना थाटायचाय. थाटा, वाईट काहीच नाही, चांगलं चालतं ते काम. पण तिथेही कुत्रं चावतं, आणि मालक त्याहून जोरात. रेबीजची प्रतिबंधक लस घेतली का कुणी? हात वर करा. एवढेच?

‘मला प्राणी आवडतात’ हे प्रवेशाच्या वेळी प्रत्येकजण म्हणतो. नीटमध्ये एमबीबीएस हुकलं म्हणून आलोय, हे एकजणही म्हणत नाही. मला त्याचंही वावडं नाही. कसेही या, पण आलात तर काम करा. कुक्कुटपालन कंपन्या, दूध संघ, लस बनवणारे कारखाने, विमा कंपन्या, लष्कराचं रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, सगळ्यांना पशुवैद्य लागतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये मर सुरू झाली की शवविच्छेदन करून कारण सांगणारा माणूस लागतो, पदवीची चौकट नव्हे.

आणि ते ‘बोगस डॉक्टर’ म्हणून ओरडणं तेवढं बंद करा. 1984 च्या कायद्यानं उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याला दिला, तो योग्यच आहे. बिनपदवीचा माणूस नको ती प्रतिजैविकं टोचतो, हेही खरं. पण शेतकरी त्याला का बोलावतो? तो रात्री दोनला येतो म्हणून. ज्या पदविकाधारक पर्यवेक्षकांकडे तुम्ही नाक मुरडून बघता, त्यांच्यापैकी कित्येकांचा हात गर्भतपासणीत तुमच्याहून सरस आहे. जा, त्यांच्यामागे उभे राहा, शिकून घ्या. मान खाली घालून शिकलात म्हणून पदवीचं वजन कमी होत नाही.

वह्या परत घेऊन जा. खोट्या नोंदी मी लाल शाईनं खोडल्यात, ती कामं पहिल्यापासून करायची. उद्या सकाळी सातला गमबूट घालून गोठ्यावर हजर. यापुढे जनावराला हात लावताना ज्याला मी स्वतः पाहिलेलं नाही, त्याच्या वहीवर माझी सही होणार नाही. सही नाही तर अंतर्वासिता पुरी नाही, आणि ती पुरी नाही तर पशुवैद्यक परिषदेत नोंदणी नाही. मग एमपीएससीचा अर्ज कशाच्या जोरावर भरता, ते बघूच.