दोष कुणाचा?

बाळ जन्मते आणि त्याची दोन्ही पावले सुजलेली दिसतात. लगेच घरच्यांची नजर आईकडे वळते. गरोदरपणी काय खाल्लेस? कुणाचे पाप भोवले?

मिलरॉय आजार हा असाच एक दुर्मिळ आनुवंशिक विकार. शरीरातील जादा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या नीट काम करीत नाहीत, म्हणून पाय सुजतात. डासांमुळे पसरणारा हत्तीरोग तो नव्हे. १८९२ साली अमेरिकेतील डॉ. विल्यम मिलरॉय यांनी एका कुटुंबाच्या सहा पिढ्यांची माहिती प्रसिद्ध केली. ९७ जणांपैकी २२ जणांना ही सूज होती. जनुकातील हा बदल आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. काहींच्या अंगी तो असूनही पाय सुजत नाहीत. मग आपण काय देत आहोत, हे देणाऱ्याला कळावे कसे?

आम्हांला वाटते, कारण आणि दोष यांत आपण फरक करायला हवा. दोषाला जाणीव लागते, निवड लागते. आईने येथे काहीच निवडलेले नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभूने त्यालाही दोष दिला नाही आणि त्याच्या आईवडिलांनाही नाही.

निवड पुढे सुरू होते. हा आजार मुळापासून बरा होत नाही. पण त्वचेची निगा, दाब देणारे पट्टे आणि जखमेवर वेळीच उपचार यांनी तो आटोक्यात राहतो. हे रोज करणाऱ्या आईला टोमणा द्यायचा की आधार, हे आपण ठरवतो. तेथे मात्र दोष आपल्याला लागू शकतो.