अर्धे वाक्य कोणाचे?

माझ्या लहानपणी इंदूरला आमच्या वाड्यात एक वयोवृद्ध गृहस्थ राहत. सगळे त्यांना दादा म्हणत. माणूस परोपकारी, अडल्यानडल्याला उसने पैसे देणारा. मात्र समोरच्याचे वाक्य आपणच पुरे करण्याची त्यांना खोड होती. एकदा एक परिचित संकोचाने म्हणाला, "दादा, जरा नड होती, म्हणजे घरात..." दादा लगेच म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलं वाटतं!" तो क्षणभर घुटमळला आणि "हो" म्हणाला. पैसे मिळाले. पुढे कळले की मुलीचे लग्न मुळी ठरलेलेच नव्हते. त्याला स्वतःच्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. दादांनी सुचविलेले कारण त्याला आपल्या कारणापेक्षा भारदस्त वाटले, एवढेच. तो खोटे बोलला काय? यावर वाड्यात बराच खल झाला. मला आज वाटते, त्या खोट्यात निम्मा वाटा दादांचा होता.

ही आठवण अलीकडे संगणकावर काही शोधताना वारंवार होते. चौकटीत दोन अक्षरे लिहावीत, तो खाली पूर्ण वाक्यांची रांग उभी राहते. गूगलने ही सोय डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून मांडली आणि २००८ मध्ये ती आपल्या मुख्य पानावर आणली. त्यापुढचे पाऊल ८ सप्टेंबर २०१० रोजी 'गूगल इन्स्टंट' या नावाने पडले. वाक्य पुरे होण्याची वा कळ दाबण्याची वाट न पाहता, यंत्राने ताडलेल्या वाक्याची उत्तरे आणि त्यांच्याबरोबरच्या जाहिराती अक्षरागणिक पडद्यावर बदलू लागल्या. दर शोधामागे २ ते ५ सेकंद वाचतील, असे तेव्हा सांगण्यात आले. लोक मोबाइलवर अधिक शोध घेऊ लागल्यावर २०१७ मध्ये हा प्रकार बंद झाला. वाक्य सुचविण्याची रीत मात्र राहिली आणि आज ती आपल्या अंगवळणी पडली आहे.

यात नीतीचा प्रश्न कोठे येतो, असे कोणी विचारील. तो येतो जाहिरातीच्या बाजूने. शोधयंत्रावरील जाहिरात ही इतर जाहिरातींहून सभ्य, असा तिचा दावा राहिला आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात न विचारता आपल्यापुढे येते. रस्त्यावरचा फलक तर डोळ्यांत घुसतो. शोधयंत्रावर आपण आधी मागणी बोलून दाखवतो आणि मग विक्रेता पुढे येतो. विचारल्यावाचून सांगू नये, हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार तेथे पाळला जातो. जाहिरातदार शब्दांवर बोली लावतो, शोध घेणाऱ्याने तो शब्द उच्चारला की लिलाव होतो, आणि कोणी जाहिरातीवर टिचकी मारली तरच पैसे पडतात. या व्यवहाराची नैतिक भिस्त एका गृहीतावर आहे: तो शब्द शोधणाऱ्याचा स्वतःचा आहे.

आता तो शब्दच जर यंत्राने तोंडात घातलेला असेल, तर?

आपल्या नैयायिकांनी वाक्याचा अर्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या. आकांक्षा म्हणजे एका पदाला असलेली दुसऱ्या पदाची ओढ. 'घोडा' म्हटले की ऐकणारा 'काय करतो?' म्हणून थांबतो. ही ओढ पुरी करण्याचा अधिकार बोलणाऱ्याचा असतो. ऐकणाऱ्याने धीर धरायचा असतो. शोधयंत्र हा धीर धरत नाही. त्याआधी असंख्य लोकांनी त्या अक्षरांपुढे काय लिहिले हे त्याला ठाऊक असते आणि त्या बहुमताने ते आपली आकांक्षा पुरी करते. आपल्या साहित्यसभांतून रंगणाऱ्या समस्यापूर्तीचा हा बरोबर उलटा प्रकार होय. तेथे शेवटचा चरण ठरलेला असे आणि त्याच्यापर्यंत आडवाटेने कसे पोहोचावे हे कवीचे कौशल्य. येथे आरंभ आपला, शेवट मात्र सर्वांचा एकच.

जाहिरातदारांच्या दृष्टीने याचा परिणाम काय झाला, ते २०१० च्या त्या प्रसंगाने चांगले दिसते. जाहिरात 'दिसली' असे केव्हा म्हणायचे, हा त्यांच्या हिशेबातला कळीचा मुद्दा. जितक्यांना दिसली त्यांपैकी कितींनी टिचकी मारली, या प्रमाणावर जाहिरातीची प्रत जोखली जाते, आणि प्रत चांगली असेल तर तीच जागा स्वस्तात मिळते. पण अक्षरागणिक जाहिराती बदलत असतील तर मोजायचे कसे? तेव्हा नियम झाला: शोधणाऱ्याने कळ दाबली, पानावर कोठे टिचकी मारली, किंवा लिहिता लिहिता थांबून ३ सेकंद तेच पान पडद्यावर राहिले, तर जाहिरात दिसली असे धरायचे. या ३ सेकंदांपाशी मला थांबावेसे वाटते. मनुष्य का थबकला असेल? वाचत असेल, शब्द आठवत असेल, किंवा स्वयंपाकघरात दूध उतू गेले असेल. हिशेबाच्या वहीत या साऱ्यांची नोंद एकच. विचारात पडणे ही आपल्या मनाची सर्वांत खासगी अवस्था. पण तिचीही गणना सुरू झाली.

दुसरी भीती छोट्या जाहिरातदारांची होती. मोठ्या, चलनी शब्दांवर मोठ्या कंपन्यांच्या बोल्या चढलेल्या असतात. लहान दुकानदाराचा निभाव लागतो तो लांबलचक, तिरपागड्या शब्दसमूहांवर. ते थोडे लोक लिहितात, पण जे लिहितात त्यांना नेमके तेच हवे असते. माझा भाचा इंदूरला माहेश्वरी साड्यांचे छोटे दुकान चालवतो. 'माहेश्वरी साडी' या शब्दांची बोली त्याला परवडत नाही. तो 'आजीच्या साडीसारखे काठ', 'नऊवारी माहेश्वरी मिळेल का' असल्या शब्दांवर जगतो. तो म्हणतो, "मामा, माझं गिऱ्हाईक म्हणजे वाक्य पुरं करणारा माणूस." सूचनांची यादी अशा माणसाला वाटेतच गाठते. त्याच्या मनात आजीच्या साडीचे काठ असतात. यादीत 'स्वस्त साडी ऑनलाइन' असते. आणि दादांपुढच्या त्या गृहस्थाप्रमाणे तो "हो" म्हणून जातो. चलनी शब्द त्यामुळे अधिक चलनी होतात. यादीतली जागा विकली जात नाही हे खरे, आणि ते नमूद केले पाहिजे. पण यादीतून ज्या पानावर आपण उतरतो त्यावरची जागा विकाऊ असते.

याची दुसरी बाजूही आहे. माझ्यासारख्या, बोटे थरथरणाऱ्या आणि इंग्रजी स्पेलिंग चुकणाऱ्या माणसाला ही यादी म्हणजे आधाराची काठी आहे. पुष्कळदा आपल्याला काय हवे हेच नेमके ठाऊक नसते, आणि चार पर्याय पाहून ते उमगते. शिंपी कापडाचे तुकडे पुढे टाकतो तेव्हा तो काही आपले स्वातंत्र्य हिरावत नसतो. हे मी मान्य करतो. फरक इतकाच की शिंप्याने सुचविले हे आपल्याला आठवते. यादीतले वाक्य निवडल्यावर क्षणार्धात ते आपलेच होऊन जाते, आणि जाहिरातदारापर्यंतही ते 'ग्राहकाची मागणी' म्हणूनच पोहोचते.

मग ते वाक्य कोणाचे? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे हा प्रश्न वेगळ्या वेषात आला होता. एका उद्योजकाचे नाव लिहू लागताच यंत्र पुढे 'फसवणूक' हा शब्द सुचवी. आम्ही फक्त इतरांनी शोधलेले दाखवतो, असा कंपनीचा बचाव. १४ मे २०१३ रोजी न्यायालयाने म्हटले की या सूचना कंपनीचाच आशय आहेत. प्रत्येक सूचना आधी तपासण्याचे बंधन नाही, पण तक्रार कळल्यावर जबाबदारी टळत नाही. अर्धे वाक्य यंत्राचे, हे न्यायाने एका परीने मान्य झाले. मग त्याच वाक्यावर होणाऱ्या लिलावात 'मागणी लोकांची, आम्ही केवळ मध्यस्थ' हे म्हणणे कितपत टिकते?

सुचविण्याचा हा व्यवहार जाहिरातदारालाही सोडत नाही. कोणते शब्द घ्यावेत हे त्यालाही यंत्रच सुचवते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एका मालवाहतूक कंपनीच्या प्रकरणात सांगितले की दुसऱ्याचे व्यापारचिन्ह बोलीचा शब्द म्हणून वापरणे हे एवढ्यानेच उल्लंघन ठरत नाही. पण त्यातून ग्राहकाची दिशाभूल झाली तर, जाहिरात-योजनेत सक्रिय सहभाग असल्यामुळे, गूगलला निव्वळ मध्यस्थाचे संरक्षण मागता येणार नाही. शिवाय २०१८ पासून 'तंतोतंत तोच शब्द' मागणाऱ्या जाहिरातदारालाही त्याच अर्थाचे इतर शोध दिले जाऊ लागले. अर्थ तोच, हे ठरवणार यंत्र. ऑगस्ट २०२४ पासून तर भारतातही शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेले आयते उत्तर दिसू लागले आहे. आधी वाक्य, मग अर्थ, आता उत्तर.

गेल्या दिवाळीत भाचा विचारू लागला, "मामा, शब्दांच्या यादीत शेजारच्या दुकानाचं नाव सुचवलंय. बोली स्वस्त आहे. घेऊ का?" ते दुकान त्याच्या दुकानाहून जुने, त्या घरातली मुले याच्याबरोबर खेळलेली. कायद्याचे मी त्याला जेवढे कळले तेवढे सांगितले. तो म्हणाला, "कायदा राहू द्या. मला हे सुचलंच नसतं हो. सुचवल्यावर मात्र डोक्यातून जात नाही."

त्याने ते नाव घेतले नाही. रात्री दुकान बंद करताना मात्र तो आपल्याच दुकानाचे नाव चौकटीत लिहून, वर कोणाची जाहिरात येते ते पाहतो.